चांगुणाकाकीचं खळं

गेल्या महिन्यात अण्णासाहेबांचा नातू मुंबईहून आला होता. बंगला विकायचा म्हणून कपाटं रिकामी करत होता. त्यात सापडलेला एक फोटो घेऊन तो माझ्या दारात आला. म्हणाला, "आजी, ही बाई कोण?"

फोटोत दोन बैल होते, मधे एक खांब होता आणि खांबाजवळ हातात दोर धरलेली चांगुणाकाकी होती. मागे व्हरांड्यात टोप्या घातलेली माणसं. फोटो उलटा केला तर अण्णासाहेबांच्या अक्षरात लिहिलेलं, 'पाहुण्यांच्या करमणुकीसाठी आम्ही ठेवलेला मळणीचा कार्यक्रम.'

मी ते दोनदा वाचलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण एवढं वाचता येतं. फोटो त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, हे खोटं आहे. तो हसला, चहा प्यायला आणि गेला. म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहिण्याची हौस नाही. मला राग आला आहे, आणि तो काल-परवाचा नाही.

मी लग्न होऊन चौलजवळच्या या गावात आले तेव्हा मिठाच्या सत्याग्रहाला अजून दोन-तीन वर्षं होती. माझे मालक अण्णासाहेबांच्या बंगल्यावर माळी होते. वाडीच्या टोकाला आमची खोली. मी आले त्या दिवशी बायका ओवाळायला जमल्या होत्या. त्यातली एक उंच, हाडकुळी बाई माझ्याकडे न बघता आमच्या अंगणात टाच आपटत फिरत होती. दोन ठिकाणी थांबली, आणखी जोरात आपटली आणि माझ्या सासूला म्हणाली, "हितं भुसभुशीत हाय. पावसात खड्डा पडंल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शाळा शिकलीस म्हणं? किती?"

"चौथी."

"मग तुझं नाव शाळा."

ती चांगुणाकाकी. तेव्हापासून ती मला शाळा म्हणूनच हाक मारायची. ए शाळा, इकडं ये. ए शाळा, वाच.

टाच आपटायची सवय तिला सगळीकडे होती. लग्नाच्या मांडवात, देवळाच्या आवारात, मयताच्या घरी सुद्धा. आधी जमीन बघायची, मग माणसं. तिला नवरा नव्हता, मुलगा नव्हता. एक मुलगी माणगावला दिलेली. दीड-दोन बिघे भातशेती होती, ती ती एकटी करायची. गोड बोलणं तिला येत नसे. मी भाकरी जाड थापली तर म्हणायची, "ही खायची का हिच्यावर बसायचं?" पण खळं करावं तर तिनंच. आमच्या वस्तीत पाच घरं, पाचही घरांचं भात एकाच खळ्यावर मळलं जायचं आणि ते खळं दरवर्षी पाऊस संपला की काकीच्या हाताखाली व्हायचं.

ज्यांनी खळं केलेलं नाही त्यांना वाटतं, जमीन सारवली की झालं. तसं नाही. आधी गवत मुळासकट काढायचं, खडे वेचायचे. वारुळाची माती आणून त्यात भाताचं तूस कालवायचं. पाणी मारायचं, अंथरायचं आणि मग आम्ही आठ-दहा बायकांनी ओळीत बसून लाकडी चोपण्यांनी चोपत मागे सरकायचं. एक फेरी झाली की काकी टाच आपटून बघायची आणि म्हणायची, "परत." हात भरून आले तरी परत. वाळल्यावर शेणकाला. मग ती कमरेच्या गाठीतून सोललेली सुपारी काढायची आणि जमिनीवर सोडायची. ती सुपारी तिनं कधी खाल्ली नाही, ती त्याच कामाची होती. सुपारी कुठे अडते, कुठे वळते ते उकिडवं बसून बघायची आणि तिथं बोट ठेवायची. तिथं पुन्हा चोपायचं. खळ्याच्या मधे ती हातभर रुंदीचा उंचवटा ठेवायची, डोळ्यांना दिसणारही नाही एवढा. अवकाळी पाऊस आला तर पाणी बाहेर गेलं पाहिजे. आणि त्याच्या मधोमध मेढ रोवायची, म्हणजे बैल बांधायचा खांब. ती मेढ खैराची होती, तिच्या सासऱ्याच्या वेळची. मळणी झाली की काकी ती तेल लावून घरात आडवी ठेवायची.

हे खळं ज्या माळावर व्हायचं तो माळ अण्णासाहेबांनी बंगल्याबरोबर विकत घेतला होता. कागद त्यांचा होता, याबद्दल कुणाचं भांडण नव्हतं. पण आमची खालची जमीन सगळी ओली, खाडीचं पाणी भरतीला बांधापर्यंत यायचं. उंच आणि कोरडी जागा तेवढी एकच.

अण्णासाहेब मुंबईत सॉलिसिटर. गोरे, नीटनेटके, आवाज कधी न चढवणारे. आवाज न चढवणारा माणूस चांगला असतो असं मला तेव्हा वाटायचं. त्यांना गोल्फचा नाद लागला होता. मुंबईत साहेब लोकांबरोबर खेळायचे. लांब मारायला जमायचं, पण शेवटी चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचा असतो तिथं हात कापायचा आणि साहेब लोक हसायचे. हे त्यांनीच माझ्या मालकांना सांगितलं होतं. म्हणून सुट्टीत सराव करायला त्यांना बंगल्यावर हिरवळ हवी होती. समोरच्या माळावर.

पहिल्या वर्षी पुण्याहून गवत आलं. बर्फीच्या वड्या कापाव्यात तसे मातीसकट कापलेले तुकडे, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले, बैलगाड्यांतून. माझ्या मालकांनी ते मांडले. आमच्या विहिरींचं पाणी मचूळ. गवत पिवळं पडायला लागलं तसा हुकूम आला की गोड्या विहिरीचं पाणी घाला. गोडी विहीर गावात एक. वैशाखात आम्ही तिथं घागरीला नंबर लावून उभ्या राहायचो आणि आमच्या पुढून पखाली भरून गवताकडे जायच्या.

काकी एक दिवस रिकामी घागर घेऊन तशीच माळावर गेली. अण्णासाहेब खुर्ची टाकून गवताकडे बघत बसले होते.

"साहेब, ह्याला येवढं पाणी पाजता, मग दूध किती देतं?"

अण्णासाहेब हसले. म्हणाले, "बाई, हे खेळायसाठी आहे."

"चेंडू गवत खातो काय?"

"चेंडू सरळ जायला हवा. खाली सपाट हवं."

"मग गवत कशाला? सपाट मी करून देते."

गवत त्या महिन्यात मेलंच. खारा वारा त्याला सोसला नाही. त्यानंतर अण्णासाहेबांना मुंबईत कुणीतरी सांगितलं की हिंदुस्थानात कोरड्या मुलखात गवताऐवजी चोपलेल्या मातीवर बारीक वाळू पसरून खेळतात. मग त्यांना काकीचं बोलणं आठवलं. त्यांनी तिला बोलावलं. ती व्हरांड्याच्या पायरीशी उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

मजुरी काय घेशील म्हणाले. ती म्हणाली, मजुरी नको. दरसाल पावसानंतर मी जमीन करीन, पहिला महिना आमची मळणी, मग झाडून, सारवून, वाळू टाकून तुमच्या हवाली. पुढं पावसापर्यंत तुमचा चेंडू.

"ठीक आहे," अण्णासाहेब म्हणाले. काकीनं ते कागदावर मागितलं. बोललेलं आणि लिहिलेलं यातला फरक तिला कळत होता, निरक्षर असून. आठवड्यानं मुंबईहून पत्र आलं, माझ्या मालकांच्या नावे. मी ते तिला वाचून दाखवलं. 'चांगुणाबाईंस धान्य काढण्यास आमची हरकत नाही. मात्र आम्हांस अडचण होऊ नये.'

"शेवटचं परत वाच," काकी म्हणाली.

मी वाचलं.

"त्येची अडचण म्हंजे काय?"

"ते तर पौषात येतात, काकी. मळणी कार्तिकात संपते. अडचण कसली?"

तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला.

दोन वर्षं सगळं नीट चाललं. पहिल्यांदा जमीन झाली तेव्हा अण्णासाहेबांनी भोकात बसवायची एक लोखंडी वाटी दिली आणि भोक कुठं हवं ते काठीनं दाखवलं. काकीनं हूं म्हटलं आणि तीन हात सरकून, जिथं तिच्या सासऱ्याची मेढ उभी राहायची तिथंच खणलं. मेढीच्या मापाचं खणलं, वाटी वर घट्ट बसवली. अण्णासाहेबांना कळलं नाही. चेंडू भोकाजवळ आला की मधल्या उंचवट्यावरून घसरून जायचा हे मात्र त्यांना कळलं.

"बाई, हे मधे उंच आहे."

"पाणी जायला हवं का नको?"

"मला चेंडू आत जायला हवा."

"मग नीट मारा."

मी बंगल्यावर स्वयंपाकाला मदतीला जायचे, तेव्हा तिथल्या खिडकीत होते. मला वाटलं आता हिला हाकलतात. पण अण्णासाहेब वाकले आणि पुन्हा मारला. काकी हातात झाडू घेऊन बाजूला उभी. चेंडू काठीवरून सुटायच्या आत ती म्हणायची, "डावीकडं." तो डावीकडं जायचा. "न्हाय पोचत." तो पोचायचा नाही. "परत." त्या माणसाला कोर्टात न्यायाधीशही असं बोलले नसतील. पण तो ऐकायचा. पौषात तीन आठवडे रोज सकाळी तो मारायचा आणि ती सांगायची. एकदा त्यांचा एक बॅरिस्टर मित्र बघायला आला. त्यानं विचारलं, ही बाई काय पुटपुटते? अण्णासाहेब पटकन म्हणाले, "काही नाही, वेडसर आहे." मराठीत म्हणाले. काकीनं ऐकलं. ती झाडत राहिली. पण त्या सकाळी तिनं एकदाही डावी-उजवी सांगितली नाही आणि अण्णासाहेबांचा एकही चेंडू आत गेला नाही.

तिसऱ्या वर्षी पावसाच्या आधी त्यांनी मुंबईत चांदीचा पेला जिंकला. तो बंगल्यावर आणून दिवाणखान्यात ठेवला. माझ्या मालकांनी काकीला खिडकीतून दाखवला.

"कसला रे?"

"साहेबांनी चेंडू आत घातला म्हणून."

"माझ्या खळ्यानं घातला," ती म्हणाली आणि हसली. तिला हसताना मी फार थोडं बघितलं आहे. पुढचे दात मिश्रीनं काळे होते. मला वाटलं होतं अण्णासाहेब एखाद्या लुगड्याचं तरी बघतील. त्यांना सुचलंही नाही.

आता जे सांगायचं आहे ते मला सांगावंसं वाटत नाही. पण तेच टाळलं तर मी आणि फोटोमागे लिहिणारे यांत फरक काय.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी मुंबईहून पत्र आलं. माझ्या मालकांनी मला वाचायला दिलं. लिहिलं होतं की पेला जिंकल्यामुळं मोठे पाहुणे येणार, दिवाळीपासून नाताळापर्यंत सामने ठेवले आहेत, तरी यंदा जमीन लवकर तयार करून घ्यावी. गावकऱ्यांनी आपली मळणी नाताळानंतर करावी.

नाताळापर्यंत भात उडव्यात, म्हणजे भाऱ्यांच्या राशीत, ठेवायचं म्हणजे उंदरांना द्यायचं. आणि त्या साली आभाळ गेलं नव्हतं, दसरा आला तरी ढग होते. भिजलं असतं तर कणसातच मोड आले असते. पाच घरांचं वर्षाचं अन्न.

मालक म्हणाले, "काकीला आत्ताच सांगू नकोस. आधी जमीन होऊ दे. न्हायतर ती हात लावायची नाही आणि साहेब मला काढतील."

मी गप्प राहिले. आठ दिवस मी तिच्या शेजारी बसून चोपणं चालवलं. ती म्हणायची "परत", आम्ही परत चोपायचो. एका बाईनं विचारलं, काकी, यंदा एवढी घाई का? ती म्हणाली, "आभाळ बघतेस न्हवं? भात लवकर आत घेतलं पायजे." मी खाली मान घालून ऐकलं.

जमीन झाली. भात कापलं, भारे बांधून काकीच्या घरामागे उडवं रचलं. तेवढ्यात अण्णासाहेब सहा-सात पाहुण्यांना घेऊन आले आणि भोकात झेंडा लागला. काकी विचारायला गेली. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आम्ही कळवलं होतं. यंदा अडचण आहे. हवं तर मी चटया देतो, त्यावर झोडा."

ती तिथून सरळ माझ्या खोलीत आली.

"कळवलं व्हतं म्हनतो. तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"दसऱ्याच्या आधीपासनं."

तिनं मला शिवी दिली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. दारात टाच एकदा आपटली आणि गेली. त्यानंतर तिनं मला कधी शाळा म्हटलं नाही. माझ्या नावानं हाक मारायला लागली. माझं नाव तिच्या तोंडून परक्या बाईचं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे व्हरांड्यात जेवत होते, मी आतून वाढायला आणत होते. दक्षिणेला आभाळ काळं होतं. माळाच्या कडेनं काकी आली. खांद्यावर मेढ, मागे शेजाऱ्याचे दोन बैल, त्यामागे चार बायका डोक्यावर भारे घेऊन. ती सरळ मधे गेली. झेंडा उपटून बाजूला ठेवला, फेकला नाही. विळ्याच्या टोकानं वाटी उचकटली, व्हरांड्यापर्यंत चालत आली आणि ती पायरीवर ठेवून म्हणाली, "ही तुमची." मग परत जाऊन मेढ त्या भोकात घातली. चोपणं मारावं लागलं नाही, अशी बसली.

अण्णासाहेब उभे राहिले. त्यांच्या मानेची शीर मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. माझ्या मालकांना त्यांनी बोटानं बोलावलं. काय होणार ते आम्हाला दिसत होतं. गडी बोलावतील, बायकांना ढकलतील, पोलीसपाटील येईल. बैल फिरायला लागले होते.

आणि एका गोऱ्या बाईनं टाळ्या वाजवल्या.

तिला वाटलं हे तिच्यासाठीच आहे. मग दुसऱ्यानं वाजवल्या. सगळे उठून कठड्याशी आले. कुणी कॅमेरा आणायला आत धावलं. एका साहेबानं अण्णासाहेबांच्या पाठीवर थाप मारली. अण्णासाहेबांचा चेहरा कसा बदलला ते मी बघितलं, माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. ते हसले. इंग्रजीत काहीतरी बोलले, हात पुढं करून, हे माझंच आहे अशा थाटात. मग माझ्या मालकांना हळूच म्हणाले, "चालू दे. पाहुणे आहेत तोवर चालू दे."

काकीनं टाळ्या ऐकल्या. बैल थांबवले. व्हरांड्याकडे बघितलं. ती भांडायला आली होती. भांडायला समोर कुणी राहिलंच नव्हतं, नुसते टाळ्या वाजवणारे होते. चार बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या. ती म्हणाली, "परत," आणि बैल फिरायला लागले.

फोटो तेव्हाचा आहे.

पुढचे तीन दिवस पाचही घरांनी मळणी केली. ती टाळ्या वाजवणारी बाई दुसऱ्या दिवशी खळ्यात उतरली, मलाही काहीतरी करू द्या म्हणून खुणा करायला लागली. बैल फिरताना शेण टाकायला लागला की ते भातावर पडायच्या आत टोपलीत झेलावं लागतं. काकीनं तिच्या हातात टोपली दिली. तिनं पाऊण तास झेललं आणि खूश झाली. चौथ्या दिवशी पाऊस पडला. तोवर दाणा न् दाणा घरात आला होता.

पाहुणे गेल्यावर अण्णासाहेबही मुंबईला निघाले. आवाज चढवला नाही. चैत्रात मुंबईहून सिमेंटची पोती आली, गवंडी आला. माझ्या मालकांनी काकीचं खळं कुदळीनं खणलं, मी पाणी दिलं. वर सिमेंट ओतलं, त्यावर विलायती दुकानातून विकत आणलेला हिरवा जाड गालिचा घातला आणि भोवती काटेरी तार ओढली. हे सगळं बसवायला दोन दिवस लागले.

मालकांची नोकरी राहिली. मी त्या नोकरीची भाकरी खाल्ली, हेही लिहून ठेवते.

पुढल्या वर्षी भात बांधावर झोडलं. अर्धं चिखलात गेलं, खाताना दाताखाली खडे यायचे. त्यानंतर दोन घरांनी शेती सोडली आणि अण्णासाहेबांच्या वाडीत कामाला लागली. काकीनं शेत दिराच्या मुलांना देऊन टाकलं आणि माणगावला मुलीकडे निघाली. जायच्या आदल्या दिवशी ती तारेखालून आत शिरली, गालिच्याचा कोपरा उचलला आणि सिमेंटवर सुपारी सोडली. मी कुंपणाबाहेर होते. सुपारी माळाच्या कडेच्या आंब्याच्या अंगाला जाऊन थांबली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हितं तळं व्हनार." त्या पावसात झालं. गालिचा कुजला, त्याचा वास आमच्या खोलीपर्यंत यायचा. पण ते बघायला ती नव्हती.

रेवदंड्याच्या बंदरावर मी तिला सोडायला गेले. तिनं ये म्हटलं नव्हतं. खाडीनं रोह्यापर्यंत होडी, पुढं बैलगाडी. तिच्याजवळ एक गाठोडं होतं आणि ती खैराची मेढ होती. होडी माणसांनी भरली होती. तांडेल म्हणाला, "ए म्हातारे, जागा न्हाय. ते लाकूड ठेव खाली."

"तू उतर," काकी म्हणाली.

लोक हसले. तांडेल चिडला. "एक तर लाकूड बसंल, न्हायतर तू बसशील."

तिनं मेढ फळीवर आडवी ठेवली, दोन माणसांच्या मधे, जिथं तिला बसायची जागा होती तिथं. आणि स्वतः उभी राहिली. मी धक्क्यावरून म्हणाले, "काकी, रोह्यापर्यंत उभी राहशील?" होडी सुटली, भरती होती, होडी हलत होती. ती कशालाही न धरता उभी होती, आणि मला दिसेनाशी होईपर्यंत बसली नव्हती.